मागच्या खोलीतली इस्त्री

ज्यांना खरं-खोटं करत बसायचंय त्यांनी खुशाल बसावं. मी पुरावे देणार नाही. माझ्या आईला मी ओळखते, तेवढं मला पुरे.

ही गोष्ट रात्रीची नाही. भुतं म्हणे रात्री येतात...

आमची आई भर दुपारी आली. तिच्या कामाची वेळच ती होती.

आमची लॉन्ड्री आहे. पुढे काउंटर, मधे कपड्यांचे गठ्ठे, मागे एक खोली. त्या खोलीत आईने जन्मभर इस्त्री केली. काउंटरवर आधी बाबा बसायचे, मग दादा बसायला लागला. बसण्याची कामं आमच्या घरात पुरुषांकडेच असतात. वहिनी शहाणी, ती कधीच सोडून गेली. मागे राहिली त्यांची मुलगी चिमी. तिला आजीने वाढवलं.

आईचा उजवा खांदा पार कामातून गेला होता. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. तिचा एक्स-रे मीच काढला. डॉक्टरांनी बजावलं, इस्त्री बंद. बाबा म्हणाले, "बरं बरं, जरा हळू कर."

हळू कर! वा!

शेवटी ती टेबलाशीच कोसळली. बाबांनी आधी इस्त्री उचलून ठेवली, खालचा शर्ट जळेल म्हणून. मग मला फोन केला. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि तेही प्रसंगावधान म्हणून.

तर शोकसभा झाली. बाबा माईकवर, "आदर्श पत्नी, प्रेमळ आई, लाडकी आजी." जिला हयातीत "अगं ए" पलीकडे हाक मारली नाही, तिला एवढी विशेषणं! दादा हुंदके देत म्हणाला, "आई कुठेही गेलेली नाही, ती आमच्यातच आहे." चिमी त्याचं शूटिंग करत होती.

मला किळस आली. मी मान वळवली, तेव्हा दादाची कॉलर दिसली.

टोकं आत दाबून फिरवलेली इस्त्री... तशी फक्त आई करायची.

असेल जुना शर्ट, म्हणून मी सोडून दिलं.

सभेनंतर आईच्या साड्या घ्यायला मी दुकानात गेले. बाबा माडीवर झोपले होते. दादा काउंटरवर मोबाइल बघत होता. मी गठ्ठ्यांपर्यंत पोचले आणि...

मागच्या खोलीतून आवाज आला.

पाणी शिंपडल्याचा.

मग... धप्प.

मग कापडावरून काहीतरी जड सरकत गेलं.

मी दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. इस्त्री उभी होती. प्लग भिंतीपासून लांब, खाली लोंबत होता.

टेबलावर शर्टांची चळत होती. मी वरच्या शर्टाला हात लावला...

गरम!

मी किंचाळत बाहेर आले. "दादा! आत... आत कोणीतरी..."

त्याने मोबाइलवरून मानसुद्धा उचलली नाही.

"ओरडू नकोस गं, समोर गिऱ्हाईक उभं आहे. आईच आहे ती."

"काय?"

"अगं, गेल्यापासून रोज येते. पहिल्यांदा मीपण टरकलो होतो. पण काम एकदम चोख. तू मात्र आत जाऊ नकोस, माणूस दिसलं की ती थांबते. परवा चिमी गेली आणि अख्खी दुपार फुकट गेली."

माणसं भुताला घाबरतात. आमचा दादा भुताचा खाडा होऊ नये म्हणून घाबरत होता.

"आणि बरं का," तो खुशीत येऊन म्हणाला, "हॉटेलच्या चादरी इस्त्रीला घेतल्यात. आई असताना जमलं नव्हतं."

तेवढ्यात आतून पुन्हा सुरू झालं. धप्प. सरकणं. धप्प.

आणि मधेच... अगदी हळू...

"आई गं."

तिचाच आवाज. खांद्यातून कळ आली की ती अशीच म्हणायची.

माझी भीती कुठल्या कुठे गेली. डोळ्यांत पाणी आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरसुद्धा तिचा खांदा दुखत होता, आणि हा निर्लज्ज माणूस तिच्या जिवावर चादरी घेत होता!

मी आत गेले आणि दार लावून घेतलं. आवाज थांबला.

"आई, बास आता," मी म्हणाले. "या लोकांचं खूप केलंस. चल माझ्याकडे. माझी एकटीची खोली आहे. तुला काही करायचं नाही. नुसती बस."

मी दार उघडलं...

ओल्या कापडाचा वास माझ्याजवळ आला. बसमध्येही तो शेजारी होता. शेजारची सीट रिकामी असूनही तिथे कोणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "काय केलंस तू? सगळ्या चादरी तशाच पडल्यात! हॉटेलवाला बोंबलतोय. आईला परत पाठव!"

"लाज वाटते का रे?" म्हणून मी त्याला नाही नाही ते ऐकवलं. मागून बाबा विचारत होते, "कधी येते म्हणाली?" मी फोन आपटला.

तेवढ्यात ड्युटीची आठवण झाली. पांढरा कोट घ्यायला खुंटीकडे वळले. काल मी तो चुरगळून नुसता अडकवला होता...

कोट कडक होता. चुणीसुद्धा नव्हती. हात लावला तर कोमट.

माझ्याकडे इस्त्री नाही. कधीच नव्हती.

"आई, नको ना गं," मी म्हणाले. खरंच म्हणाले.

पण उशीर झाला होता. मी कोट घातला. दवाखान्यात सगळे म्हणाले, आज काय रुबाब आहे! मी हसलेसुद्धा.

त्यानंतर रोज समजावलं. रागावून पाहिलं, हात जोडून पाहिले. रोज सकाळी कोट तयार असतो. आणि रोज... मी तो घालते. काय करू? घालायला दुसरा आहे कुठे?

आज म्हटलं, इस्त्री करायला काही ठेवायचंच नाही. घरी आल्या आल्या कोट बादलीत बुडवला, बाथरूमचं दार ओढून घेतलं आणि हे लिहायला बसले.

आता आतून पिळण्याचा आवाज येतोय...

थेंब पडतायत. मग थोडा वेळ काही नाही.

मग, "आई गं."

मी अजून उठलेले नाही. उद्या सकाळची ड्युटी आहे.