खिडकीपाशी दोघं

इमारतींची आगाऊ चित्रं, म्हणजे रेंडरिंगं, बाहेर द्यायची की घरातच करायची, हा विषय त्या ऑफिसात तीन आठवडे नुसता लोंबकळत होता. काढायची कुणाची छाती होत नव्हती. ऑफिस म्हणजे राहत्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आर्किटेक्ट बसायचा, वय एकसष्ट, आणि त्याच्यासमोर वीस वर्षांपासूनचा ड्राफ्ट्समन. तो उंच आणि सरळसोट, म्हणून सगळे त्याला फूटपट्टी म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. मागच्या खोलीत आर्किटेक्टची बायको काम करायची.

इमारत उभी राहण्याआधी ती कशी दिसेल याची चित्रं काढणं, हे तिचं काम. आधी जलरंगात काढायची, मग पंचेचाळिसाव्या वर्षी हट्टाने कॉम्प्युटर शिकली. तिच्या चित्रांत माणूस कधीच नसे, पण माणसाची खूण हमखास असे. कुठे उघडं पुस्तक, कुठे खुर्चीच्या पाठीवर टाकलेला कोट. "नुसत्या भिंती कोण बघतं रे? कुणीतरी आत्ता उठून आत गेलंय असं वाटायला हवं," असं ती म्हणायची. त्या खुणा ती कुणाला विचारून ठेवत नसे आणि आधी सांगतही नसे.

आणि गेल्या वर्षापासून तिच्या नजरेचा मधला भाग पुसला गेला. कडा तेवढ्या उरल्या. समोरच्याचा चेहरा बघायचा तर मान तिरकी करून त्याच्या कानाकडे पाहावं लागे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू उरलेलंही जाईल. दोन दिवसांचं चित्र दोन आठवड्यांवर गेलं. हातातलं काम एका सार्वजनिक ग्रंथालयाचं होतं, समितीपुढे चित्रं मांडायला दहा दिवस राहिले होते, आणि एकही तयार नव्हतं.

घरातच करायचं तर नवीन माणूस नेमावा लागणार, आणि तो बसणार तिच्याच खोलीत, तिच्याच मशीनवर. तिच्यादेखत ते करणं आर्किटेक्टच्या जिवावर आलं होतं.

"बाहेर दे," शेवटी तीच म्हणाली.

"तुला चालेल?"

"न चालायला काय झालं? मी काय चित्रं काढायलाच जन्माला आलेय?" एवढं बोलून ती संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. तो समजायचं ते समजला. हे काम गेलं की दिवसभर ती करणार काय?

स्टुडिओ दुसऱ्या शहरातला. फोनवर एक मुलगी होती, चुणचुणीत, एका दमात बोलणारी. तिसऱ्या दिवशी पहिलं चित्र आलं, प्रवेशाच्या व्हरांड्याचं. चित्र सुरेख होतं, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्यामुळेच त्याला बोचलं. प्रिंट घेऊन तो मागच्या खोलीत गेला. तिला नीट दिसणार नव्हतं, म्हणून वर्णन करायला लागला.

"सकाळचं ऊन आहे. डावीकडे बाक—"

"बाकावर चष्मा आहे का?"

होता. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"डाव्या काडीला दोरा बांधलेला?"

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. दोरा होता. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय? मीच ठेवणार होते. आज अंघोळ करताना सुचलं." आणि ती चक्क हसली.

चित्र आदल्या संध्याकाळीच येऊन पडलं होतं. हे त्याने तिला सांगितलं नाही.

त्याने मुलीला फोन लावला. "सर, आम्ही मनाने काहीच घालत नाही हो," ती म्हणाली. "तुमच्या फाइलमध्ये होतं तेच आहे." फूटपट्टीने तासभर खपून फाइल उलटीपालटी केली. "डोळ्यांत तेल घालून बघितलं, सर. बाक आहे, चष्मा नाही. मॅडमनीच कळवलं असणार." मॅडमना विचारलं, तर त्यांच्याकडे त्या मुलीचा नंबरसुद्धा नव्हता.

दुसरं चित्र जिन्याचं होतं. तो तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "तिसऱ्या पायरीवर लहान मुलाचा मोजा असेल बघ. लाल. एकच."

"आहे."

"उलटा आहे ना? मुलं मोजा ओढूनच काढतात."

मोजा उलटा होता. शिवण बाहेर आलेली होती.

चाळीस वर्षं भिंतींच्या जाड्या मोजलेला माणूस तो, असल्या गोष्टींना त्याच्याकडे खण नव्हता. पण त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ती गुणगुणत होती, फूटपट्टीची खेचत होती, सकाळी त्याच्या आधी उठत होती. असू दे, तो मनाशी म्हणाला. कसं का होईना, बाईचं काम चालू आहे ना? त्याच दुपारी त्याने स्टुडिओशी वर्षभराचा करार टाइप करून घेतला. सही तेवढी उरली होती.

तिसरं चित्र वाचनाच्या खोलीचं. ते यायच्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "ऐक, आज मी नियम मोडलाय."

"म्हणजे?"

"माणसं घातलीत. आपण दोघं. खिडकीपाशी. माझे डोळे पुरते गेले की तिथेच जाऊन बसायचं. तू वाचायचं, मी ऐकायचं."

"आणि मला झोप लागली तर?"

"चिमटा काढीन."

अकराच्या सुमाराला चित्र आलं. त्याने उघडलं. उंच खिडकी, तिच्याखाली लांब बाक, कलतं ऊन. बाकावर ती होती. पांढरा अंबाडा, तिचा निळा स्वेटर, मान तिरकी.

तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

"आलं का रे?" मागच्या खोलीतून आवाज आला.

"आलं."

"आहोत ना दोघं?"

"आहोत की," तो म्हणाला.

त्याने फूटपट्टीला खूण करून बोलावलं. "जरा बघ. माणसं किती आहेत?"

फूटपट्टी वाकला. "दोन." मग खुदकन हसला. "सर, टक्कल अगदी हुबेहूब हं!"

त्याने पुन्हा पाहिलं. रिकाम्या बाकावर ऊन सरळ पसरलं होतं, मध्ये कुठेही सावली नव्हती.

त्याने मुलीला फोन लावला. "मॅडमच्या शेजारी एक माणूस राहिलाय घालायचा."

"आहेत की, सर. पुस्तक वाचतायत. तुम्ही जुनी फाइल तर नाही ना उघडली?"

फाइल नवीच होती. एकच होती.

मुलगी दोनदा हॅलो म्हणाली.

"तू इथे येशील का?" त्याने विचारलं. "कामाला. आमच्या घरी. मॅडमच्या शेजारी बसायचं. त्या सांगतील, तू काढायचं. राहायला वरची खोली आहे."

"अय्या! सर, घरी विचारावं लागेल. पुढच्या महिन्यात वगैरे—"

"त्याच्या आधी ये."

"किती आधी?"

त्याने चित्राकडे पाहिलं. निळ्या स्वेटरच्या कोपरांवर ठिगळं होती. खालीवर, वेडीवाकडी, न दिसणाऱ्याने चाचपडत घातलेली. आज तो स्वेटर कोराच होता; हे चित्र पुढचं होतं.

"जमेल तितक्या लवकर," तो म्हणाला. "माझ्यासाठी नको. तिच्यासाठी."

फोन ठेवून त्याने करार टराटरा फाडला. मागे ती दारात उभी होती, चौकटीला धरून.

"बाहेर द्यायचं ठरलं होतं ना?"

"बदललं. घरातच करायचं."

"माझ्या खुर्चीत कुणी बसलेलं मला चालणार नाही, सांगून ठेवते."

"तिला दुसरी आणू."

"पण एवढी घाई कसली?"

"तुला एकटीला..." त्याने कराराचे तुकडे टोपलीत टाकले. "तुझं काम अडायला नको म्हणून."

"वेडाच आहेस." तिच्या आवाजात इतका आनंद होता की त्याला तोंड फिरवावं लागलं. फूटपट्टीने काढलेली प्रिंट तिने हात पुढे करून मागितली, मान तिरकी केली आणि नजरेच्या कडेने कागद वरून खाली, पुन्हा वर, हळूहळू पाहिला.

"किती शांत बसलायस रे," ती म्हणाली. "आणि हात धरलायस माझा? चारचौघांत? लाज नाही वाटत?"

तो तिच्या खांद्यावरून वाकला. चित्रात तिचा डावा हात बाकावर होता, रिकाम्या जागेच्या बाजूला. त्या हातावर कुणाचाही हात नव्हता. फक्त पंज्याच्या पाठीवर चार जागी कातडी किंचित आत गेली होती, घट्ट धरल्यावर जाते तेवढीच.