चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू

दहा आठवड्यांच्या प्रयोगाचे गट चिठ्ठ्या टाकून पडले. दिवसभर खुर्चीला चिकटलेल्या माणसांचा दम कशानं जास्त वाढतो, हे डॉक्टरीणबाईंना पाहायचं होतं. मुद्रितं तपासून पाठ आखडलेल्या एका बाईच्या वाट्याला संथ चिठ्ठी आली – पाऊण तास एकाच लयीत सायकल. शेजारच्या सायकलवर घड्याळं दुरुस्त करणारा एक उंच माणूस. त्याला चार मिनिटं जीव तोडून, मग तीन मिनिटं हळू, असे चार फेरे.

“तुमची मजा आहे,” तो म्हणाला. “गप्पा मारत चालवता येईल.”

“मारू कुणाशी? तुम्ही तर...”

घंटा झाली. तो पुढं वाकला आणि तिचं वाक्य हवेतच राहिलं.

पुढं तशीच सवय लागली. हळू मिनिटांत तो विचारायचा, त्याच्या जोरातल्या मिनिटांत ती उत्तरं द्यायची. तो नुसती मान हलवायचा – घामानं निथळत, कानांच्या पाळ्या लालबुंद. पहिल्या आठवड्यात दुसऱ्याच फेऱ्याला पांढराफटक पडला होता, तरी दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर. दहाव्या आठवड्यात मोजलं, तर दम दोघांचाही वाढलेला; त्याचा अंमळ जास्तच. तिला हेवा वाटला नाही, कौतुक वाटलं... आणि त्या कौतुकाचीच धास्ती.

कारण एक गोष्ट तिनं सांगितली नव्हती. पूर्वी लग्नाचं विचारणाऱ्या दोघांना सांगून झालं होतं. दोघांनीही “अरे वा” म्हणत काढता पाय घेतला होता.

शेवटच्या दिवशी, तिसऱ्या फेऱ्यानंतर, तो म्हणाला, “उद्यापासून तुम्ही शेजारी नसणार... मला नाही जमणार ते. सरळच विचारतो – लग्न कराल माझ्याशी?”

घंटा झाली.

“मला मुलगी आहे,” ती म्हणाली. पाय चालूच होते. “पाच वर्षांची. तिचे बाबा गेले, तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. तिला शाळेत सोडलं की मी दहा मिनिटं फाटकाशीच उभी असते – उगीचच. हे आधीच सांगायचं... पण तुम्ही सायकल बदलून घेतली असती, तर?”

तो खाली मान घालून पायडल मारत होता. त्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना. एवढी लांब चार मिनिटं तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

“अहो, जरा बेतानं,” डॉक्टरीणबाई लांबूनच म्हणाल्या. “केवढा वर गेलाय नाडीचा आकडा.”

घंटा. तो हँडलवर ओणवा झाला, धापा टाकत.

“तिला... मी... आवडलो नाही तर?”

तिचे डोळे भरून आले. या बाजूनं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“उद्या तुमच्या दुकानात घेऊन येते तिला,” ती म्हणाली. “पण दिसेल त्या घड्याळाला हात लावते हं... आधीच सांगून ठेवते.”

“लावू दे,” तो म्हणाला. आता कुठं त्याला श्वास मिळाला होता.