तार कापली तेव्हा

२००६ सालचा मे महिना होता, तरी शिकागोच्या धक्क्यावर सकाळी स्वेटर लागत होता. सुलेखाने दीर प्रतापला बोटीत घेतलं ते काही हौस म्हणून नाही. गेल्या उन्हाळ्यात तिचा नवरा प्रथमेश याच बोटीतून मिशिगन सरोवरात पडला, तो वर आलाच नाही. वहिनीने तार कापली आणि दादाला सोडून दिलं, हे प्रतापने पुण्यातल्या सासूबाईंच्या गळी उतरवलं होतं. आता अमेरिकेतच दूर फ्रीमाँटला राहणारा तो मुद्दाम आला होता, काय कसं झालं ते करून दाखव म्हणत होता. नाही म्हटलं असतं तर त्याचंच खरं ठरलं असतं.

तिने दाखवलं. मागच्या कडेला डाउनरिगर, म्हणजे गळ खोल नेणारं तारेचं चाक, बोल्ट आवळून बसवलं. तारेच्या टोकाला शिशाचा जड गोळा. क्लच सैल ठेवायचा, म्हणजे गोळा तळाशी अडकला तरी तार सुटत राहते. पक्कड हाताशी हवी. आणि तार मनगटाला गुंडाळायची नाही. प्रथमेशने क्लचही आवळला होता आणि तारही गुंडाळली होती. गोळा अडकला, प्रथमेश पाण्यात खेचला गेला, बोट मागून बुडायला लागली. तो सुटेल म्हणून तिने तार कापली.

"म्हणजे तू स्वतःला वाचवलंस," प्रताप म्हणाला.

तिने गोळा पाण्यात सोडला. बोट संथ चालली होती. धुकं दाटलं, शहर दिसेनासं झालं. गोळा खाली उतरत गेला... आणि तार ताठ झाली. क्लच सैल असूनही चाक फिरेना. पाण्याला कुजका वास येऊ लागला. मग बोट मागे ओढली जाऊ लागली, थांबून थांबून, हिसक्या-हिसक्याने.

"वहिनी... खाली कोणीतरी आहे."

"वाकून बघू नका, भाऊजी."

मागच्या कडेवरून पाणी आत आलं, पायांशी गार लागलं. प्रतापने पक्कड उचलली आणि तार कापून टाकली. विचारलं नाही, क्षणभर थांबलाही नाही. वर्षभर गिळलेला संताप सुलेखाच्या तोंडाशी आला.

"आता सांगा आईंना," ती म्हणाली, "तुम्ही कुणाला सोडलंत ते."

प्रताप मागे बघत होता. कापलेली तार बुडाली नव्हती. तिचं टोक पाण्याबाहेर हातभर ताठ उभं होतं.

सुलेखाने बोट किनाऱ्याकडे वळवली. टोकही वळलं. प्रताप डावीकडून उठून उजवीकडे जाऊन बसला. टोक बोटीच्या मागून, पाणी चिरत, सावकाश उजवीकडे आलं.