अंगठ्याची खाच

"बोला ताई, काय पाह्यजे?"

वर्ध्याच्या बाजारात, जाळी-दोर-गऱ्यांच्या दुकानात बसून हे वाक्य दिवसातून साठ वेळा म्हणायचं, हा प्रफुलचा धंदा. पण अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीतल्या त्या सोमवारी, दुपारी अडीच वाजता, त्याची जीभ 'ताई'वर जरा अडखळली. समोरच्या मुलीने जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक तान्ह्या लेकरासारखं छातीशी धरलं होतं. आणि डोळे असे, की आत्ता रडू की घरी जाऊन रडू, एवढंच काय ते ठरायचं बाकी.

तिने चादर सोडली. आत मासे धरायची छडी होती. दोन तुकड्यांत.

"दारात सापडून मोडली," ती म्हणाली.

"कोणी सापडवली?"

"म्या..."

प्रफुलने मोडलेल्या टोकावरून नख फिरवलं. नखाला काहीतरी पिवळट लागलं. तो बोलणारच होता, पण तेवढ्यात तिने वर पाहिलं आणि बोलायचं राहूनच गेलं.

ती दिपाली. हिंगणीच्या डोमाजींची एकुलती एक. डोमाजी शेतकरी खरे, पण कापसाबद्दल बोलताना जांभया द्यायचे आणि माशांबद्दल बोलताना उभे राहायचे. धरणातल्या एका मरळीने म्हणे त्यांना काठावरून असं ओढलं, की चप्पल हिंगणीत राहिली आणि ते पार सेलू गावात निघाले. तरी छडी सोडली नाही, मरळ काढलीच! खोटं वाटेल तुम्हाला. पण ती चप्पल मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

त्याच डोमाजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला तसंही धुकंच. गुरुवारी पट्टी निघणार होती. डॉक्टरांनी बजावलं होतं — डोळ्यात पाण्याचा थेंब नको, रडणं तर मुळीच नको, टाका हलला तर डोळा गेला. आणि नेमकी रविवारी झाडलोट करताना दिपालीने दार ओढलं... दाराआड छडी होती. कट्!

"बाबा दिवसभर खाटेवर बसून छडी मागून राह्यले," ती एका दमात म्हणाली. "तेल पाजाले नेतो म्हणून आली मी. मोडली हे समजलं तं थे रडन. रडले का डोळा जाईन. तशीच दुसरी द्या. चार वाजताची बस हाय मले."

मग तिने पिशवीतून दोन रिळं काढली. एक मोठं, जड, गोल. दुसरं लहानसं, हलकं.

प्रफुलने डोकं खाजवलं. "दोन्ही एकाच छडीवर?"

"काऊन? नाई जमत?"

"जमते... पण जमवा लागते." त्याने लहान रीळ उचललं. "हे दांडीच्या खाली लटकते. याचा दोरा गोल-गोल उडत निघते, म्हणून पह्यली कडी मोठी पाह्यजे. अन् हे मोठं वर बसते, वजनदार हाय. याले दांडी मजबूत पाह्यजे. दोघांचे स्वभाव दोन."

"आमच्या घरी असंच हाय," दिपाली म्हणाली. "आई अन् बाबा."

तो हसला. ती हसली नाही. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे.

पहिली छडी जाडजूड निघाली. "हिच्यानं म्हैस पण निघते पाण्यातून," प्रफुल म्हणाला.

"म्हैस हाय आमच्याकडे. मासा पाह्यजे."

त्याने रीळ बसवलं, तिला म्हणाला, "बोट द्या." तिने भीत भीत बोट पुढे केलं. रिळाच्या जरा पुढे, बोटावर त्याने छडी आडवी ठेवली. "आडवी राह्यली तं जोडी जमली. झुकली तं दिवसभरात मनगट दुखते."

मोठ्या रिळाने छडी आडवी राहिली. लहान लावलं, तर शेंडा खाली गेला. दुसरी छडी नाजूक. लहान रिळाशी गोडीगुलाबीने राहिली, मोठं लावताच मागे कलंडली. तिसरीचं वजन बरोबर, पण कड्या इवल्याशा, दोरा पहिल्याच कडीत अडकला. दर वेळी तो म्हणे "बोट द्या", आणि दर वेळी तिचं बोट आधीच पुढे आलेलं असे. दर वेळी ते थोडं अधिक गार.

सव्वातीन.

"संपल्या?" तिने विचारलं. आवाज पार बसलेला.

प्रफुल आत गेला आणि एक छडी घेऊन आला. ना फार जाड, ना फार बारीक. पहिली कडी मोठी, पुढे लहान होत गेलेल्या. प्रत्येक कडी लाल दोऱ्याने हाताने बांधलेली.

मोठं रीळ... आडवी. लहान रीळ... शेंडा केसभर हलला... थांबला. आडवी!

"हेच! हेच द्या!"

"हे विकाची नाई," प्रफुल म्हणाला. "हे माही हाय. म्या सोता बांधली."

दिपालीने छडी बोटावरून उतरवली. मोडके तुकडे परत चादरीत गुंडाळायला लागली. आणि ते गुंडाळणंच त्याला पाहवलं नाही.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पण थांबा... मुठीवर काही निशाणी होती का त्यांच्या?"

होती. वर्षानुवर्षं अंगठा टेकून डोमाजींच्या मुठीवर खाच पडली होती. मोडक्या तुकड्यावर ती होती, पण कडा उडाल्या होत्या. प्रफुलने कानस घेतली आणि आपल्या छडीची बुचाची मूठ पुढे ओढली. "अंगठा केवढा हाय त्यांचा?"

दिपालीने स्वतःचा अंगठा दाखवला. "याच्याहून मोठा." मग त्याचा हात पाहिला. "तुमच्याएवढा असन... बहुतेक."

तो घासत राहिला, मधून मधून स्वतःचा अंगठा टेकवून पाहत राहिला. बुचाचा भुसा तिच्या ओढणीवर उडत होता आणि ती झटकत नव्हती.

बसस्टँडपर्यंत तो छडी घेऊन धावला. खिडकीतून ती आत सरकवत म्हणाला, "गुरुवारी पट्टी निघाली का त्यांले दिसनच. तवा खरं सांगाच लागन. मी येतो. शिव्या माह्यावर येऊ द्या."

"तुमी कायले... " ती म्हणाली. पुढे 'भाऊ' म्हणायचं होतं. बस सुटली, भाऊ ओठातच राहिला.

संध्याकाळी डोमाजींनी छडी मागितली. दिपालीने दिली आणि खांबाला धरून उभी राहिली. त्यांनी रीळ बसवलं, छडी बोटावर ठेवली. आडवी. मान हलवली. मग मूठ धरली. अंगठा खाचेत गेला... आणि थांबला. बाहेर आला. पुन्हा गेला. पुन्हा थांबला.

"तेल चांगलं पाजलं, बाई," एवढंच ते म्हणाले.

मंगळवार गेला. बुधवार गेला. डोमाजी बोलेनात, नुसता अंगठा खाचेत घालायचे, काढायचे. रोज मरळीची गोष्ट सांगणारा माणूस गप्प! रात्री उठून दिपाली दिव्याच्या उजेडात बापाच्या पट्टीची कड ओली झाली का ते पाहायची.

गुरुवारी पट्टी निघाली. दुपारी डोमाजी हिरवा चष्मा लावून अंगणात बसले, मांडीवर छडी. फाटकाशी सायकल थांबली.

दिपाली धावत गेली. "नका सांगू! डॉक्टर म्हणे, अजून आठ दिवस जपा लागते. थे रडन..."

"कोण हाय वं?" मागून आवाज आला. "वर्ध्याचा पोरगा हाय का? आन त्याले इकडे."

"अंगठा दाखव," डोमाजी म्हणाले.

प्रफुलने अंगठा पुढे केला. डोमाजींनी तो धरून खाचेत टेकवला. नेमका बसला, मधून वाराही जाणार नाही असा.

"सोमवारपासून इचार करून राह्यलो," ते म्हणाले, "हे कोण्या जवान पोट्ट्याचा अंगठा माह्या छडीवर आला कसा? माही खाच दुप्पट खोल होती."

"बाबा, म्या मोडली तुमची छडी... रडू नका बाबा, तुमच्या पाया पडतो..."

"रडू कायले?" डोमाजींनी इकडे तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "थे तं पाच वर्षांपासून मोडलेलीच होती. सरस अन् दोऱ्यानं चिकटवली म्या. तुह्या आईले सांगशीन नको."

"कोणी मोडली?"

"त्या मरळीनं."

"तुमी तं मरळ काढली म्हणून सांगता!"

"चप्पल काढली," डोमाजी म्हणाले. "मरळ गेली. असं चारचौघात सांगता येते का?"

दिपाली मटकन खाली बसली. मग हळूच तिची नजर प्रफुलकडे वळली. त्याने नख पाठीमागे लपवलं. उशीर झाला होता.

"तुमाले मालूम होतं! सरस दिसला होता तुमाले!"

"दिसला होता..."

"मंग सांगतलं काऊन नाई? तीन दिवस मले झोप नाई!"

"मले तरी कुठी होती," प्रफुल म्हणाला. "सांगतलं असतं तं तुमी छडी न घेता चालल्या गेल्या असत्या. मंग मी आज काय न्यायले आलो असतो?"

"घेऊन जा मंग तुमची छडी!"

"छडी न्यायले आलोच नाई मी." त्याने खाली पाहिलं. "तुमाले ताई म्हणणं सोमवारी अडीच वाजताच सोडलं होतं म्या. तुमच्या ध्यानात नाई आलं?"

आलं होतं. बसमध्ये, सेलूपर्यंत, तेवढंच तर ध्यानात होतं.

डोमाजींनी छडी बोटावर आडवी धरली आणि तिच्याकडे असे पाहू लागले, जणू अंगणात दुसरं कोणी नाहीच. डोळ्यात पाण्याचा थेंब नको, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. दिपालीला कोणी सांगितलं नव्हतं.