शाईचा थेंब आणि बारा सोनमासे

"लालबागला जायचं तर पुऱ्या जास्त घे, ताई!" वामन ओरडला. "मागच्या वेळी कोकिळाने माझ्या वाटणीच्या खाल्ल्या!"

"खाल्ल्या नाहीत, वाचवल्या!" कोकिळा म्हणाली. "तू त्या वानरांना दाखवत बसला होतास!"

विमलने हसत डब्याचं झाकण लावलं. ती तेरा वर्षांची, तिचा भाऊ वामन दहाचा, आणि शेजारची कोकिळा दोघांच्या मधली. छप्पन सालची दिवाळीची सुट्टी चालू होती. नवं मध्यप्रदेश राज्य होऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि बुऱ्हाणपुरातल्या मोठ्या माणसांना राजधानी नागपूरहून भोपाळला गेली याखेरीज दुसरा विषय नव्हता. मुलांना मात्र फक्त गावाजवळच्या लालबागेतल्या सहलीची घाई होती.

निघण्याआधी एकच काम उरलं होतं. समोरच्या रजनीताईंच्या माशांना खाणं घालायचं!

रजनीताई विमलच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नोकरीचे कागद आता नागपूरऐवजी भोपाळला जायचे होते, त्यासाठी त्या दोन दिवस खांडव्याला गेल्या होत्या. त्यांच्या ओसरीत लोखंडी चौकटीची काचेची मोठी पेटी होती. तिच्यात सहज आठ बादल्या पाणी मावायचं. तिच्यातले बारा सोनमासे त्यांनी मुंबईहून पत्र्याच्या डब्यात पाणी भरून, रात्रभर मांडीवर धरून आणले होते. घर राखायला धूलकोटचे कौतिकमामा, म्हणजे त्यांच्या आईचे भाऊ, येऊन राहिले होते. खाणं घालायचं काम मात्र ताईंनी मुलांवर सोपवलं होतं.

वामन पळतच ओसरीत शिरला आणि थबकला.

"ताई! मासे असं काय करताहेत?"

सगळे मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून नुसते आ वासत होते. एक तर आडवा होऊन तरंगत होता.

कोकिळाने पेटीवर वाकून वास घेतला. "शी! दवाखान्यासारखा वास येतोय!"

आतून कौतिकमामा आले. "काय करून राहिले रे पोरंहो?" त्यांनी मासे पाहिले आणि त्यांचा आवाजच चढला. "अरे देवा! ए वामन, काय टाकलं तू पाण्यात?"

"मी? मी तर आत्ताच आलो!"

"काल संध्याकाळी तूच होता इथे! मुठी भरभरून काहीतरी टाकत होता!"

"ते खाणं होतं! आणि चिमूटभरच होतं!" वामनचे डोळे भरून आले.

"मामा, भांडण नंतर," विमल शांतपणे म्हणाली. "आधी मासे बाहेर काढू. पण घालायचे कशात?"

"त्यात काय! विहिरीच्या चार बादल्या आणतो," मामा बादली घेऊन निघालेच.

"थांबा!" कोकिळा आडवी आली. "काल संध्याकाळी नगरपालिकेचा माणूस विहिरीत औषध टाकून गेलाय. आज आमच्या चहालासुद्धा त्याचा वास होता!"

"मग गल्लीतलं सगळंच पाणी तसलं!" वामन म्हणाला.

"आमचा रांजण काल दुपारी भरलाय," कोकिळा म्हणाली. "औषध पडायच्या आधी!"

ती धावली. रांजणात दोन बादल्या पाणी होतं. ते फार गार होतं, म्हणून विमलने त्यातलंच थोडं शेगडीवर कोमट करून मिसळलं आणि हात घालून पाहिलं. मग जर्मनच्या मोठ्या पातेल्यात ते ओतून तिघांनी जाळीने एकेक मासा अलगद उचलून ठेवला. आडवा झालेला मासा हलला नाही. कोकिळाने त्याला दोनदा सरळ करून पाहिलं. मग हळूच बाजूला काढून ठेवलं.

"आता बघू, पाण्यात काय पडलंय ते," विमल म्हणाली.

तिने तीन ग्लास मांडले. एकात रांजणाचं पाणी, दुसऱ्यात विहिरीचं, तिसऱ्यात पेटीतलं. दौतीत काडी बुडवून तिने तिन्हींत निळ्या शाईचा बारीक थेंब सोडला.

रांजणाचं पाणी फिकट निळं झालं आणि तसंच राहिलं. विहिरीच्या पाण्यातला निळा रंग हळूहळू ओसरला. आणि पेटीच्या पाण्यातली शाई बघता बघता नाहीशी झाली!

"जादू!" वामन डोळे पुसत म्हणाला.

"जादू नाही, ब्लीचिंग पावडर! धोबी तिनेच शाईचे डाग काढतो. विहिरीत टाकली तीच पेटीत पडलीय, पण खूपच जास्त. ते बघा, कोपऱ्यात पांढरी भुकटी बसलीय!" विमल मामांकडे वळली. "मामा, माशांना काही औषधपाणी करायचं होतं का?"

"औषध नाही हो. एका माशाच्या परांवर पांढरे ठिपके आले, म्हणून रजनी सांगून गेली, सोमवारी चमचाभर मीठ टाक. मी आत्ताच टाकलं. मीठच टाकलं!"

"कुठल्या डब्यातलं? दाखवाल का?"

मामा ऐटीत आत गेले आणि कोनाड्यातला डबा घेऊन आले. झाकण उघडताच तोच वास भपकन आला. त्यांनी घाईघाईने चष्मा चढवला. डब्यावर रजनीताईंच्या अक्षरात लिहिलं होतं: विहिरीसाठी. खायचं नाही.

मामा मटकन पायरीवर बसले. "चष्मा कोण लावतं सकाळी सकाळी..." एवढंच ते पुटपुटले.

पातेल्यात अकरा माशांची दाटी झाली होती. ते पुन्हा वर येऊन तोंड उघडू लागले. कोकिळा तांब्याने त्यातलंच पाणी उंचावरून धार धरून परत परत ओतू लागली, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल.

"एवढ्याशा पातेल्यात ते दिवसभर तग धरणार नाहीत," विमल म्हणाली. "पेटी धुऊन भरायला हवी. पाणी विहिरीचंच घ्यावं लागणार, पण त्यातलं औषध मारायला हवं. ताईंनी वर्गात शिकवलं होतं... हायपो! फोटोवाले वापरतात ते."

"श्रीकांतदादाकडे असेल!" कोकिळा म्हणाली. श्रीकांत तिचा मावसभाऊ. चौकात त्याचा फोटो स्टुडिओ होता.

वामनने मामांची सायकल काढली. सीटवर त्याचे पाय पुरत नव्हते. दांड्याखालून पाय घालून, कैची मारत तो सुसाट निघाला.

स्टुडिओचं पुढचं दार उघडं होतं, पण आत कुणी नव्हतं. अंधाऱ्या खोलीचं दार आतून बंद!

"श्रीकांतदादा! हायपो पाहिजे! जल्दी! मासे मरताहेत!"

"अरे, दार उघडू नकोस!" आतून आवाज आला. "एका लग्नाचे फोटो धुतोय, सगळे जातील! बाहेर टेबलाखाली बघ, डावीकडची बरणी!"

वामन वाकला. टेबलाखाली दोन बरण्या होत्या. दोन्हींत पांढरे खडे, आणि एकीवरही चिठ्ठी नाही!

"दादा, डावीकडची म्हणजे कुणाच्या डावीकडची? तुझ्या की माझ्या?"

आतला पाण्याचा खळखळाट थांबला. "म्हणजे... मी खुर्चीत बसलो की... थांब, काल झाडताना हलवल्या वाटतं."

वामनने एका बरणीवर हात ठेवला. मग दुसरीवर. घरी कोकिळा एकटी तांब्या ओतत असेल. हात दुखले असतील तिचे. एक उचलावी आणि पळावं, असं त्याला फार वाटलं. पण त्याने हात मागे घेतला.

"मी थांबतो, दादा! पण तू लवकर ये!"

ती दहा मिनिटं त्याला तासासारखी वाटली. अखेर श्रीकांत ओले हात पुसत बाहेर आला. दोन्ही बरण्या त्याने उजेडात धरल्या, खडे नीट पाहिले.

"ही हायपोची. आणि ही दुसरी नेली असतीस ना, तर एकही मासा वाचला नसता. शाब्बास पठ्ठ्या! चल, मीपण येतो."

ते पोचले तोवर विमलने आणि मामांनी पेटी रिकामी करून वाळू धुतली होती. विहिरीच्या पाण्याने भरलेल्या आठ बादल्या ओसरीत ऊन खात रांगेत उभ्या होत्या.

"आण ती बरणी, टाकून देऊ सगळं!" मामा उठले.

"नाही मामा!" तिघं एकदमच ओरडली.

विमलने एका बादलीत हायपोचा एकच खडा विरघळवला आणि ग्लासभर पाणी घेऊन शाई सोडली. रंग थोड्या वेळाने उडाला. आणखी एक खडा. पुन्हा शाई. सगळे ग्लासाकडे बघत राहिले. श्रीकांतने मनातल्या मनात शंभर मोजले. निळा रंग तसाच राहिला!

"बादलीला दोन खडे. त्याहून एक कणही जास्त नाही," विमल म्हणाली.

पेटी भरली. मासे सोडायची घाई मात्र कुणी केली नाही. पातेल्यात पेटीतलं थोडं थोडं पाणी घालत, त्यांना सवय होऊ देत, अर्ध्या तासाने एकेकाला सोडलं. दुपारी आणखी एक मासा गेला. उरलेले दहा संध्याकाळपर्यंत खाली जाऊन वाळू हुंगू लागले. लालबागसाठी केलेल्या पुऱ्या सर्वांनी पेटीसमोर बसूनच खाल्ल्या, आणि त्या दिवशी वाटणीवरून कुणीच भांडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजनीताई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी मासे मोजले. दोनदा मोजले.

"दोन कमी आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

कुणी तोंड उघडायच्या आत कौतिकमामा पुढे झाले. "माझ्या हातून गेले, रजनी. मिठाऐवजी विहिरीची पावडर टाकली मी. चष्मा न लावता." त्यांनी सगळं सांगितलं, शाईचं, पातेल्याचं, बरण्यांचं. काहीच लपवलं नाही.

रजनीताईंनी वाकून उरलेले मासे एकेक करून न्याहाळले. मग त्यांनी विमलच्या आणि कोकिळाच्या पाठीवर हात ठेवला. "मी इथे असते ना, तर घाबरून विहिरीचंच पाणी ओतलं असतं. एकही राहिला नसता. वर्गात शिकवलेलं असं वापरलेलं मी पहिल्यांदाच पाहतेय!"

पण मामांचं बोलणं संपलं नव्हतं. ते वामनसमोर आले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले, त्याच्या डोळ्यांशी डोळे येतील इतके.

"काही न बघता तुझ्यावर आळ घेतला मी. आणि तू बघ, खात्री झाल्याशिवाय बरणी उचलली नाही. माझं चुकलं, बेटा."

इतक्या मोठ्या माणसाने आपली अशी माफी मागितलेली वामनने कधी पाहिली नव्हती. कुठे बघावं ते त्याला कळेना. कान लाल झाले. शेवटी तो म्हणाला, "मामा, माशांची खाण्याची वेळ झालीय. तुम्ही घालता का आज? मी चिमूट किती ते दाखवतो."

मामांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने दोन्ही काचा पुसल्या, तो नाकावर नीट बसवला आणि मगच हात पुढे केला.