विहीर सरकली तेव्हा

क्लबहाऊसमधल्या टेबल टेनिसच्या टेबलावर चुंबकदर्शी मांडला होता. खिडकीबाहेर वाळूच्या हौदात ओवी डोंगर रचत होती. ऋजुताचा एक डोळा पडद्यावर, एक लेकीवर.

वसाहतीच्या जागी पूर्वी रंगाचा कारखाना होता. त्याने विषारी गाळ कुठे पुरला हे सांगणारं एकच काही उरलं होतं: एक जुनी फ्लॉपी. ती वाचणारे संगणक केव्हाच भंगारात गेले. चुंबकदर्शीला त्यांची गरज नव्हती. तबकडीवरचं चुंबकत्व तो कणाकणाने टिपायचा, आणि माहिती कोणत्या क्रमाने लिहिलीय, ती मांडणी जुन्या नमुन्यांशी ताडून स्वतःच ओळखायचा.

"ओळखली! खात्री सत्त्याण्णव टक्के," यंत्र चालवणारी सलोनी म्हणाली.

पडद्यावर आजच्या वसाहतीच्या आराखड्यावर कारखान्याचा जुना नकाशा उमटला. गाळाचे खड्डे पार दक्षिणेला, कुंपणापाशी. हौद निर्धोक.

"झालं समाधान?" सेक्रेटरी घाणेकरकाका हसले. "तुला ना ऋजुता, वाळूतसुद्धा वाघ दिसतो. चला, चहा सांगतो."

"काका, थांबा. विहीरही कुंपणापाशी दाखवलीय."

"मग?"

"आपली विहीर हौदाला लागून आहे. झाकण टाकलेली."

"ती दुसरी असेल," सलोनी म्हणाली.

"कारखान्याची विहीर एकच. ओवी सव्वा महिन्याची झाली तेव्हा तिथेच पूजा केली मी. सासूबाईंनी वॉचमनला झाकण काढायला लावलं होतं. तेव्हापासून पोरीला त्या झाकणावर पाय ठेवू देत नाही. विहिरीची जागा मी चुकेन होय?"

सलोनी पुन्हा पडद्याकडे वळली. "वरचा अर्धा भाग जुळतोय. फाटक, रस्ता, सगळं. घोळ खालच्या अर्ध्यात आहे." तिने खालच्या अर्ध्यावर बोट ठेवलं. "तो फ्लॉपीच्या दुसऱ्या बाजूवर आहे. यंत्राने धरलं, दोन्ही बाजू कडेकडून आत लिहिल्यात. पण काही संगणक पहिली बाजू कडेकडून आत लिहायचे आणि दुसरी आतून कडेकडे. नांगर वळवून परत यावं तसं."

"म्हणजे?"

"खालचा अर्धा नकाशा उलट्या क्रमाने वाचलाय आपण."

तिने मांडणी बदलली. विहीर वर सरकत हौदाशेजारी येऊन थांबली. तिच्यासोबत खड्डेही सरकले. थेट हौदाखाली.

ऋजुता धावत सुटली. अर्धा डोंगर मोडून तिने ओवीला उचललं, नळाखाली धरलं, नखांतली वाळू खरवडून काढू लागली. ओवीने भोकाड पसरलं.

"वाळू बाहेरून आणलीय गं," मागोमाग आलेल्या काकांचा आवाज पार उतरला होता. "खाली काँक्रीट आहे. आजच माती तपासायला देतो."

सलोनी दारातच उभी होती. "तीच आधीची मांडणी धरून आम्ही बऱ्याच वसाहती निर्धोक ठरवल्यात," ती हळूच म्हणाली.

ऋजुताने नळ बंद केला. ओवीचे ओले हात पदरात घट्ट धरून तिने विचारलं,

"तिथे कुठे एखादी विहीर उरलीय का हो? आणि ती आठवणारं कुणी?"