नावाचा रकाना

शनिवारचं ते काम अर्ध्या तासाचं होतं. दुपारी जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा, दादासोंच्या ब्लॉगच्या फायली उतरवून घ्यायच्या, मग डेटाबेस उतरवून घ्यायचा, आणि दोन्ही एका हार्डडिस्कवर ठेवून डिस्क कपाटात टाकायची. फायलींमध्ये फोटो आणि आवाज असत. डेटाबेसमध्ये शब्द असत. कुठला फोटो कुणाचा, त्याचं नाव काय, गाव कुठलं, हे सगळं डेटाबेसमध्ये.

मी सांगलीत राहते. घरूनच लोकांच्या वेबसाइट सांभाळते. दादासो विट्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले. तीस वर्षं तमिळनाडूत त्यांचं सोनं गाळायचं दुकान होतं. ॲसिडच्या धुरानं छाती खराब झाली तेव्हा सगळं आवरून गावी आले आणि हा ब्लॉग सुरू केला. आपल्या भागातली जी माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, धंद्यात परमुलखात गेली आणि तिकडंच मेली, त्यांच्यावर ते लिहायचे. एकेका माणसावर एक पान. वर त्याचा फोटो, खाली त्याची हकीकत, आणि शेवटी घरच्या कुणाच्या तरी आवाजात दोन-चार मिनिटं. वही-पेन त्यांनी कधी धरलं नाही. मोबाईलमध्ये बोलायचे, मोबाईल लिहून घ्यायचा, आणि ते थेट ब्लॉगवर जायचं.

दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"क्षमाताई, बॅकअप घेतला का?"

"घेतला."

"दोनी घेतलं न्हवं? फायली बी आन् डेटाबेस बी?"

"दोन्ही घेतलं, दादा."

एकदा त्यांनी मला कारण सांगितलं होतं. त्यांच्या दुकानाच्या गल्लीत आपल्याकडचा एक कारागीर गेला. गल्लीत सगळे त्याला मराठा म्हणायचे. पोलिसांनी नाव विचारलं तर कुणालाच सांगता येईना. कागदावर 'अनोळखी' लिहून त्याला जाळला. "मानूस मेला की आदी नाव जातं, ताई," दादासो म्हणाले. बोलताना त्यांना मधे मधे थांबावं लागायचं. "नाव गेलं की मग त्यो कुनाचाच ऱ्हात न्हाई. घरचा बी न्हाई."

पहिलं वर्षभर मी दोन्ही घेतलं. नंतर डेटाबेस उतरवताना काहीतरी अडायला लागलं. दुरुस्ती करायला तासभर लागला असता. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बघू. फायली तेवढ्या घेत राहिले. असे चौदा महिने गेले, आणि त्या चौदा महिन्यांत दर शनिवारी मी दादासोंना दोन्ही घेतलं असंच सांगत होते.

दिवाळीनंतर दादासो गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, जिथं ब्लॉग ठेवलेला होता त्या कंपनीचं यंत्र बंद पडलं. त्यांच्याकडची प्रतही खराब निघाली. त्यांनी माफीची एक मेल पाठवली आणि विषय संपवला.

मी हार्डडिस्क काढली. फोटो बासष्ट होते. आवाजही बासष्ट. पण शेवटचा डेटाबेस चौदा महिन्यांपूर्वीचा, त्यात माणसं एकेचाळीस. ती परत आली. उरलेल्या एकवीस जणांचे फक्त चेहरे माझ्याकडं होते, आणि फोटोंच्या फायलींवर नुसते आकडे. इंटरनेटवर जुन्या प्रती शोधल्या. काही मिळालं नाही.

मला तेव्हा वाटलं, यात घाबरण्यासारखं काय आहे. आवाज आहेत ना. आई, भाऊ, बायको, कुणीतरी नाव घेतलंच असेल. कानाला हेडफोन लावून मी शेवटची फायल लावली. एक म्हातारी बोलत होती. मागं शेळ्या ओरडत होत्या.

"माजा... लय गुनाचा. सोळाव्या वर्सी गेला. म्हनला, आये, घर बांधतो..."

'माजा' नंतर एक मोकळी जागा होती. आवाज कापल्यासारखी नाही. शेळ्या तिथंही ऐकू येत होत्या, वाराही येत होता. फक्त म्हातारीचा शब्द तेवढा नव्हता. मी पुन्हा ऐकलं. पुढं आणखी दोन ठिकाणी तसंच. दुसरी फायल लावली. तिसरी लावली. एकवीसच्या एकवीस ऐकल्या. जिथं जिथं नाव यायला हवं, तिथं तिथं मोकळं.

मी दादासोंच्या बायकोला फोन केला. त्या म्हणाल्या, "शेवटचं त्येंनी मनुबाईच्या पोरावर लिवलं. आमच्या वरच्या वस्तीवर ऱ्हाती ती."

"नाव काय त्याचं?"

"मला ठावं हाय की त्येचं नाव," त्या म्हणाल्या. "आत्ता व्हटावर हाय बगा... येईना झालंय."

दुसऱ्या दिवशी मी विट्याची एसटी धरली. आभाळ सकाळपासून खाली आलेलं होतं आणि पाऊस पडत नव्हता. वस्तीवर पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. शेजारच्या घरातली क्रांती नावाची सून मला न्यायला वाटेवर आली होती. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती; मनुबाईंचा मुलगा त्याच्या आधीच परमुलखात वारला होता. "आमी सगळी आजींचा पोरगाच म्हनतो त्येला," ती म्हणाली. "नाव कवा विचारलंच न्हाई बगा."

मनुबाईंचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्या एकट्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत शिरल्या शिरल्या मला वास आला. तिखट, नाकात शिरून घशात बसणारा. दादासो भेटायचे तेव्हा त्यांच्या जुन्या कपड्यांना यायचा तसा, ॲसिडचा.

"कसला वास येतोय?" मी क्रांतीला हळूच विचारलं.

"न्हाई येत मला," ती म्हणाली.

मी मोबाईलवर फोटो दाखवला. मनुबाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "माजा ल्योक," त्या म्हणाल्या.

"नाव काय यांचं, आजी?"

त्यांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. आधी त्या थोडंसं हसल्या, म्हाताऱ्या माणसाला विसरल्यावर हसू येतं तसं. मग हसू गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, क्रांतीकडं बघितलं. "आगं... ठेवलं की मीच," त्या म्हणाल्या. "पाळन्यात मीच ठेवलं. त्येच्या आत्यानं कानात सांगितलं..." मोबाईल त्यांनी छातीशी धरला. "पंदरा दीस झालं, ताई. उटल्यापासनं शोदती. कुनाला सांगू? आई हाय मी त्येची."

पंधरा दिवस. ते यंत्र बंद पडून पंधराच दिवस झाले होते.

मी त्यांना काही सांगितलं नाही. चूक माझी आहे, हे सांगायला गेले होते. त्याऐवजी कागद काही आहेत का विचारलं. कागद पेटीत होते, पेटीची किल्ली कुठं ठेवली ते त्यांना आठवत नव्हतं, आणि पेटी आतल्या खोलीत होती. क्रांती दार ढकलायला पुढं झाली तेव्हा मनुबाई एकदम म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आत जाऊ नगंस. त्यो बसलाय."

"कोण, आजी?"

"काय म्हनून सांगू," त्या म्हणाल्या.

आम्ही आत गेलो नाही.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली. मी पुन्हा मनुबाईंचा आवाज लावला. या वेळी शेवटपर्यंत ऐकला. त्यांचं बोलणं संपल्यावर वीसेक सेकंद शेळ्याच ऐकू येतात, म्हणून आधी मी तिथं बंद करत होते. त्या शेळ्यांच्या मागं कुणीतरी श्वास घेत होतं. दादासो घ्यायचे तसा, अडखळत. मग एक तरुण आवाज, अगदी हळू, विनवणी केल्यासारखा:

"आये... नाव सांग की."

हेडफोन काढून मी टेबलावर ठेवला. घरातले सगळे दिवे लावले. नंतर लॅपटॉपसमोर बसले. डेटाबेसमध्ये मी एकवीस नव्या ओळी केल्या होत्या. फोटोचा आकडा होता, नावाचा रकाना रिकामा. मला त्या म्हाताऱ्या बाईचं उघडं राहिलेलं तोंड दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते संपवायचं होतं. चौदा महिने जसं संपवत आले तसंच. मी मनुबाईंच्या मुलाच्या ओळीवर गेले आणि बोटांना पहिलं जे नाव सुचलं ते टाईप केलं. धनाजी. मग बॅकअप घेतला, फायली आणि डेटाबेस, दोन्ही.

सकाळी क्रांतीचा फोन आला. आवाजात आनंद होता. "ताई, आजींना नाव आठवलं. पाटंपास्नं उटून बसल्यात. आख्ख्या वस्तीला सांगत्यात."

"काय नाव?" मी विचारलं.

"धनाजी."

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ब्लॉग अजून लोकांसाठी उघडलाही नव्हता. संध्याकाळी दादासोंच्या बायकोचा फोन आला, त्याही म्हणाल्या, "धनाजी की ओ. कसं इसरले मी?" मी मनुबाईंची फायल लावून बघितली. "माजा धनाजी लय गुनाचा," म्हातारी सांगत होती. स्वच्छ आवाजात. मोकळी जागा कुठंच नव्हती, शेवटी तो अडखळता श्वासही नव्हता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी लपवणार नाही. दोन-तीन रात्री मला चांगली झोप लागली.

मग क्रांतीचे फोन यायला लागले. पहिल्यांदा सहज बोलल्यासारखी बोलली. आजी आता दोन ताटं वाढतात. आजी दुपारी आतल्या खोलीकडं बघून हाक मारतात. एकदा म्हणाली, "ताई, आजी हाक मारत्यात तवा... आतनं कुनीतरी व्हय म्हनतं."

"तू ऐकलंस?"

"धुनं वाळत घालत हुते मी. भाईर. ऐकलं."

तिसऱ्या आठवड्यात तिनं मला एक फोटो पाठवला. मनुबाई अंघोळीला गेल्या असताना क्रांतीनं दिराकडून पेटी बाहेर ओढून घेतली होती आणि कुलूप तोडलं होतं. आत शाळेचा दाखला होता. घड्यांवर फाटलेला, पण अक्षर स्पष्ट. विद्यार्थ्याचं नाव: लालासाहेब.

मी हातातलं सगळं टाकून लॅपटॉप उघडला. धनाजी पुसलं. लालासाहेब लिहिलं. तीनदा तपासलं, बॅकअप घेतला, आणि तो उघडूनही बघितला. मग क्रांतीला फोन लावला. "आजींना जाऊन मुलाचं नाव विचार," म्हटलं. "मी फोन धरते."

तिच्या चपला अंगणातून जाताना मला ऐकू आल्या. मग मनुबाईंचा आवाज लांबून आला, शांत, भरलेला. "लालासाहेब गं. माजा लाला." आणि म्हातारी रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली, असं क्रांती नंतर म्हणाली. मीही इकडं रडले. त्याच दिवशी पुढच्या एसटीनं जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं. मी खोटं बोलत होते हेही. त्यांना किती कळलं ठाऊक नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो वास त्या दिवशी तिथं नव्हता.

उरलेल्या वीस जणांसाठी मी आता दर शनिवारी एकेक गाव करते. तोंडानं नाव कुणी सांगू शकत नाही. दाखला, पासबुक, लग्नपत्रिका, असलं काहीतरी शोधून काढावं लागतं. सहा नावं मिळाली. ज्यांची मिळाली नाहीत त्यांचा रकाना मी रिकामाच ठेवलाय. मनानं काही लिहीत नाही.

परवा दुपारी क्रांतीचा फोन आला. ती घराबाहेर उभी राहून बोलत असावी, वारा लागत होता.

"ताई, आजी बऱ्या हायत. लाला, लाला म्हनून फोटोसंगं बोलत बसत्यात. आत त्यो न्हाई म्हनत्यात, माजा लाला आता सुटला..." तिचा आवाज खाली गेला. "पर आतनं व्हय येतंय आजून."

"आजींना ऐकू येतं?"

"येतं. त्या म्हनत्यात, ह्यो आवाज माज्या लालाचा न्हाई. धनाजी म्हनून हाक मारली तवा बी त्यो नव्हता."

फोनमध्ये वारा होता, कुठंतरी एक शेळी ओरडली.

"आता तर आजी हाक बी मारत न्हाईत," ती म्हणाली. "कुनीच मारत न्हाई, ताई. तरी बी दुपार झाली की..."

आणि मग तिच्या मागून, लोटलेल्या दाराआडून यावा तसा, एका पुरुषाचा आवाज मला माझ्या कानानं ऐकू आला. अगदी आज्ञाधारक.

"व्हय. आलो."